गोळी सुटली, दुखणं राहिलं: ओपिऑइडच्या व्यसनातून बाहेर पडताना जुनाट वेदना कशी सांभाळायची?

नाशिकमध्ये 'ड्रग्ज' म्हटलं की ऑक्टोबर २०२३ आठवतो. मुंबई पोलिसांनी शिंदे गावातल्या कारखान्यावर छापा घातला आणि मेफेड्रोन, म्हणजे एमडीचा प्रचंड साठा सापडला. त्याआधीपासून मालेगावची 'कुत्ता गोळी' बातम्यांत होतीच. पण एक व्यसन असं आहे, ज्याच्यासाठी छापा पडत नाही आणि बातमीही होत नाही. ते सुरू होतं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीच्या दिवसांत माणूस तासन् तास हात वर करून मांडवाखाली उभा असतो. लासलगावला कांद्याच्या गोण्या पाठीवर जातात. सातपूर-अंबडला मशीनसमोर आठ-आठ तास उभं राहावं लागतं. मान, कंबर, खांदा कधीतरी धरतोच. त्यात अपघात किंवा ऑपरेशन झालं की ट्रामाडोलसारखी गोळी मिळते. आठवड्याभरासाठी दिलेली गोळी दोन वर्षं चालते, एकाच्या चार होतात. मग घरच्यांच्या लक्षात येतं, उपचार होतात, गोळी सुटते. कंबर मात्र तशीच दुखत असते.

या टप्प्यावर बहुतेकांना दोनच सल्ले मिळतात. 'सहन कर' किंवा 'एखादी घेतली तर काय होतं?' दोन्ही चुकीचे आहेत.

ओपिऑइड म्हणजे नेमकं काय?

अफूपासून मिळणारी किंवा अफूसारखं काम करणारी औषधं. मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडोल, टॅपेंटाडोल, फेंटानिल ही औषधाच्या बाजूची नावं. हेरॉइन आणि ब्राऊन शुगर, म्हणजे मराठी घरांना माहीत असलेली 'गर्द', ही त्याच कुटुंबातली. एमडी यात येत नाही, ते उत्तेजक आहे. कुत्ता गोळीही यात येत नाही. ती अल्प्राझोलामसारखी झोपेची-चिंतेची गोळी असते. पण ओपिऑइडसोबत घेतली तर श्वास मंदावतो आणि जीव जाऊ शकतो, म्हणून तिचा उल्लेख इथे हवाच.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे २ टक्के लोक ओपिऑइड घेतात आणि सुमारे ७७ लाख लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. वेदनाशामक गोळ्या-सिरप घेणाऱ्यांचं प्रमाण ०.९६ टक्के, हेरॉइन घेणाऱ्यांचं १.१४ टक्के. दोन्हीत फार अंतर नाही. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडोल अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणलं गेलं ते याच काळजीतून.

गोळीच दुखणं वाढवते?

हो, असं होऊ शकतं. रोज ओपिऑइड घेतलं की शरीर त्याला सरावतं आणि तेवढ्याच आरामासाठी जास्त डोस लागतो. काही जणांत याच्याही पुढची गोष्ट घडते. मज्जासंस्था इतकी संवेदनशील होते की साधा धक्काही जास्त दुखतो आणि दुखणं मूळ जागेबाहेर पसरतं. डोस वाढवावा तसं दुखणं वाढतं, आणि रुग्णाला वाटतं की आजार बळावला.

गोळी थांबवली की दुसरा गोंधळ. विथड्रॉवलमध्ये अंग मोडून येतं, पाय ओढतात, जुलाब होतात, झोप उडते. हा जोर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. झोपेची तक्रार आणि अंगदुखी त्यानंतरही काही आठवडे रेंगाळते. नेमकी याच काळात 'गोळीशिवाय मला जगताच येणार नाही' अशी खात्री पटते. म्हणून पहिल्या महिन्यातल्या दुखण्यावरून पुढच्या आयुष्याचा अंदाज बांधू नये. आणि ट्रामाडोल तर मनानेच एकदम बंद करू नये. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करतात.

ओपिऑइड सोडलं म्हणजे प्रभावी औषध हातचं गेलं, हा समजही तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेत २४० माजी सैनिकांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना जुनाट पाठदुखी किंवा गुडघा-खुब्याची झीज होती. निम्म्यांना ओपिऑइड, निम्म्यांना इतर औषधं दिली. वर्षभरानंतर कामं करण्याच्या क्षमतेत ओपिऑइडवाले पुढे नव्हते, आणि वेदनेची तीव्रता तर इतर औषधं घेणाऱ्यांत किंचित कमी होती.

मग कोणती औषधं चालतात?

सुरुवात साध्या पॅरासिटामॉलपासून. निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. दारूची सवय, कावीळ किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टर ती बरीच खाली आणतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सांधे-स्नायूंच्या दुखण्यावर चालतात, पण महिनोन् महिने घेतल्या तर पोटात अल्सर आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. गुडघ्यासारख्या ठिकाणी डायक्लोफिनॅकचं मलम हा जास्त सुरक्षित पर्याय.

मुंग्या, आग, करंट मारल्यासारखी वेदना असेल तर ती मज्जातंतूंची असते आणि तिच्यावर साध्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही. तिथे ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन देतात. ही मूळची नैराश्यावरची औषधं. चिठ्ठीवर ती पाहून 'मला वेडा समजतात का?' असा राग रुग्णाला येतो, तो अनाठायी आहे. प्रीगाबालिन आणि गॅबापेंटिन हीदेखील वापरात आहेत, पण त्यांचीही सवय लागू शकते आणि ओपिऑइडसोबत ती श्वास मंदावतात. व्यसनाचा इतिहास असलेल्या माणसाला ती देताना डॉक्टरांना तो इतिहास माहीत असणं अत्यावश्यक आहे.

बुप्रेनॉर्फिन: एक व्यसन सोडून दुसरं?

या विषयात सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. बुप्रेनॉर्फिन हे स्वतः ओपिऑइडच, पण अर्धवट काम करणारं. ते मेंदूतली तीच जागा घट्ट धरून बसतं, तलफ आणि विथड्रॉवल थांबवतं, पण एका मर्यादेनंतर त्याची नशा वाढत नाही. जिभेखाली ठेवायची ही गोळी नेहमीच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. ती मनोविकारतज्ज्ञ किंवा व्यसनमुक्ती केंद्राच्या देखरेखीखाली दिली जाते. शरीरात आधीचं ओपिऑइड शिल्लक असताना घेतली तर ती उलट तीव्र विथड्रॉवल आणते, म्हणून पहिला डोस केव्हा द्यायचा हे तज्ज्ञच ठरवतात.

घरात, नातेवाइकांत आणि काही मदतगटांतही 'ही पण गोळीच' असा सूर लागतो. मधुमेहाच्या माणसाला कोणी असं म्हणत नाही. हे उपचार घेणाऱ्यांत ओव्हरडोसने होणारे मृत्यू कमी होतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

जुनं दुखणं असलेल्यांसाठी यात एक महत्त्वाची खुबी आहे. बुप्रेनॉर्फिनचा तलफ थांबवण्याचा परिणाम चोवीस तास किंवा जास्त टिकतो, पण वेदना कमी करण्याचा परिणाम सहा ते आठ तासच. त्यामुळे सकाळी एकदाच गोळी घेणाऱ्याची कंबर दुपारनंतर पुन्हा बोलू लागते. तोच एकूण डोस दिवसातून तीन वेळा विभागून दिला तर अनेकांना फरक पडतो. हा बदल स्वतः करायचा नाही, पण डॉक्टरांना विचारायला काहीच हरकत नाही.

नाल्ट्रेक्सोनचं गणित वेगळं. ते ओपिऑइडचा परिणामच अडवतं. सात ते दहा दिवस ओपिऑइड पूर्ण बंद असल्याशिवाय ते सुरू करत नाहीत. ते घेणाऱ्याचा अपघात झाला तर नेहमीची मॉर्फिनसारखी इंजेक्शनं काम करत नाहीत. म्हणून खिशात तशी चिठ्ठी ठेवावी.

ऑपरेशन करायची वेळ आली तर?

भीतीपोटी अनेक जण जुनं व्यसन लपवतात. नुकसान त्यांचंच होतं. भूलतज्ज्ञांना आधी कळलं तर ते ठरावीक भाग बधिर करण्यावर, पॅरासिटामॉल आणि केटामिनसारख्या औषधांवर भर देतात. बुप्रेनॉर्फिन बहुतेक वेळा ऑपरेशनसाठी बंद करावं लागत नाही, उलट बंद केल्यास घसरण्याचा धोका वाढतो. नाल्ट्रेक्सोनच्या गोळ्या मात्र साधारण तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. घरी जाताना ओपिऑइड दिलंच तर मोजक्या दिवसांचं असावं आणि गोळ्या घरातल्या विश्वासू माणसाच्या ताब्यात असाव्यात.

औषधाबाहेरचं काम

जुनाट दुखण्याच्या माणसाची एक ठरलेली चूक असते. बरं वाटलं त्या दिवशी अख्खी ओळ छाटून टाकायची आणि पुढचे तीन दिवस खाटेवर पडायचं. फिजिओथेरपिस्ट याच्या उलट शिकवतात. दुखो वा न दुखो, पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विसावा, आणि दर आठवड्याला थोडीशी वाढ. मांडवाखाली हात वर ठेवून काम असेल तर पायाखाली मजबूत घोडा घेऊन उंची बदलणं हाही उपचारच. चालणं, शेक, कंबरेचे व्यायाम यांनी नशा येत नाही, म्हणून लोक त्यांना कमी लेखतात. तीन महिन्यांत फरक दिसतो, तीन दिवसांत नाही.

मनाला वेदनेपासून वेगळं बसायला शिकवता येतं का? नाशिक जिल्ह्यातच इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात. तिथे अंगात उठणाऱ्या वेदनेकडे प्रतिक्रिया न देता पाहण्याचा सराव असतो. अमेरिकेत अशाच सजगतेवर आधारलेल्या आठ आठवड्यांच्या गट-उपचाराचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनाट वेदना आणि ओपिऑइडचा गैरवापर दोन्ही असलेल्या २५० जणांपैकी हा उपचार मिळालेल्यांत नऊ महिन्यांनी ४५ टक्क्यांचा गैरवापर थांबला होता. साधा गट-आधार मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के होतं. मात्र विथड्रॉवल चालू असताना दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाणं धोक्याचं. शिबिराच्या अर्जात आजार आणि चालू औषधांची माहिती विचारतात, ती खरी द्यावी.

महाराष्ट्रात या विषयावर उघड बोलणं गर्दमुळे सुरू झालं. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, चारित्र्यदोष नाही, ही भूमिका तेव्हा नवीन होती. 'दुखतंय' म्हणणाऱ्या व्यसनी माणसावर विश्वास ठेवण्याच्या बाबतीत ती अनेक घरांत आजही नवीनच आहे.

पुन्हा घेतली तर

सर्वांत मोठा धोका काही महिन्यांच्या खंडानंतर जुनाच डोस घेण्यात असतो. शरीराचा सराव मोडलेला असतो, त्यामुळे पूर्वी पचणारा डोस जीवघेणा ठरतो. माणूस हलवूनही उठत नसेल, श्वास अगदी मंद असेल, ओठ निळसर आणि बुबुळांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील तर १०८ ला फोन करून त्याला कुशीवर वळवावं. काय घेतलं ते रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. नालोक्सोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर परिणाम मिनिटांत उलटतो, पण ते औषधापेक्षा आधी उतरू शकतं. म्हणून शुद्ध आली तरी रुग्णालयात न्यावंच लागतं.

नाशिककरांसाठी पहिली पायरी जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागाची. जाताना आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्यावीत. फोनवरून बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६, दोन्ही निःशुल्क आहेत.