भावंडांची खोली : माजघरापासून वाटणीपत्रापर्यंत

१/
मित्रहो, आजचा धागा लढाईवर नाही, किल्ल्यावरही नाही. तो एका खोलीवर आहे. गेल्या महिन्यात मी बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या घरी आले, तेव्हा रंगकाम सुरू होते. मी आणि माझा धाकटा भाऊ ज्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो, तिची नव्याने मांडणी करायची होती. पलंग कुठे, टेबल कुठे, कपाटाचे कोणते कप्पे कोणाचे, एवढाच प्रश्न होता.

२/
तेवढ्यात घरातील एक वडीलधारे सहज म्हणाले, "ताईला कशाला आता कप्पे? तिचं सामान एका पेटीत मावेल." बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण इतिहासाची विद्यार्थिनी असल्याने प्रश्न मनात राहिला : भावंडांची खोली ही कल्पना आपल्याकडे आली कधी? आणि तिच्यात बहिणीची जागा कोणी व कशी ठरवली? त्या शोधाचा हा धागा.

३/
सुरुवात जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध घरापासून करू. सिंदखेडराजा येथील लखुजीराजे जाधवरावांचा वाडा. १२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस मानला जातो आणि दर वर्षी त्या दिवशी येथे लाखोंची गर्दी लोटते. दत्ताजी, अचलोजी, राघोजी आणि बहादूरजी हे जिजाऊंचे बंधू. म्हणजे हा वाडा एका बहिणीचा आणि तिच्या भावांचाही आहे. तेथे जाणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

४/
या वाड्यात 'मुलांची खोली' कोणती, असे विचारले तर उत्तर मिळणार नाही. आपल्या जुन्या घरांतील दालनांची नावे आठवून पाहा : ओसरी, सोपा, माजघर, देवघर, कोठीघर, स्वयंपाकघर, माडी, बाळंतिणीची खोली. ही सारी नावे कामावरून किंवा स्थानावरून पडलेली आहेत. बाळंतपणासाठी खोली आहे, धान्यासाठी आहे, देवासाठी आहे. वाढत्या मुलांसाठी वेगळे नाव असलेले दालन नाही.

५/
यात केवळ आपले वेगळेपण आहे, असे समजू नये. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी १९६० साली बालपणाच्या इतिहासावरचा आपला गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपातही कित्येक शतके खोल्यांची कामे पक्की वाटलेली नव्हती. त्याच दालनात जेवण होई, पाहुणे बसत, रात्री बिछाने पडत. खासगी खोली आणि मुलांचे स्वतंत्र विश्व या गोष्टी हळूहळू घडत गेल्या, असे त्यांचे प्रतिपादन. त्यांच्या मतांवर पुढे पुष्कळ टीका झाली. तरीही घराच्या नकाशातून कुटुंब वाचण्याची दृष्टी त्यांनी दिली.

६/
मग भावंडे झोपत कुठे? वऱ्हाडातील जुन्या धाब्याच्या घराचे सर्वसाधारण चित्र असे : लाकडी खांब व तुळया, वर पांढऱ्या मातीचे सपाट छत, जाड भिंती. खाट किंवा बाज असली तर ती वडीलधाऱ्यांची किंवा आजाऱ्याची. मुले जमिनीवर ओळीने. खाली सतरंजी, वर गोधडी. उन्हाळ्यात हीच ओळ अंगणात किंवा धाब्यावर सरके. मुले जाणती झाली की मुलगे आजोबांजवळ ओसरीवर आणि मुली आजीजवळ माजघरात, अशी फाळणी आपोआप होई.

७/
सकाळी वळकट्या बांधल्या की शयनगृह नाहीसे. तीच जागा धान्य निवडायला, दळायला, बसायला मोकळी. म्हणजे खोली बदलत नसे, वेळेनुसार तिचे काम बदलत असे. आज लहान घरांसाठी 'घडीचा पलंग' म्हणून जे विकले जाते, त्यामागचे तत्त्व वळकटीत फार पूर्वीपासून होते.

८/
या बिछान्याचाही स्वतःचा इतिहास आहे आणि तो आपल्या जिल्ह्याचा आहे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला. मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गाने लोहमार्ग नागपूरकडे गेला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही शाखा सुरू झाली, ती प्रामुख्याने खामगावच्या कापूस बाजारासाठी.

९/
ज्या प्रदेशाचा कापूस जगात गेला, तेथील घरांत मात्र बहुतेक मुले जुन्या लुगड्यांच्या व धोतरांच्या थरांनी शिवलेल्या गोधडीवर झोपत. ज्यांना शक्य होते, त्यांच्या दारात पिंजारी येई. धनुकलीच्या तातीचा टणत्कार, हवेत उडणारा कापूस आणि नव्या गादीवर पहिली उडी कोणी मारायची, यावरून भावंडांत होणारे भांडण. माझ्या आजीच्या पिढीला हा आवाज अजून आठवतो.

१०/
आता सामानाकडे वळू. जुन्या घरात कपाट नव्हते, पण कोनाडा होता. मातीची भिंत दीड-दोन हात जाड, त्यामुळे तिच्यात खोल कोनाडे सहज ठेवता येत. त्यांत दिवा, फणी, आरसा, पाटी, गोट्या. भिंतीत खुंट्या. कपड्यांसाठी आढ्याला टांगलेली दांडी. माझ्या मते, कोनाडा हा आपल्याकडील मुलांच्या मालकीचा पहिला 'कप्पा'. 'हा माझा कोनाडा' हे वाक्य जुन्या घरांत वाढलेल्या अनेकांनी म्हटलेले असेल.

११/
सिमेंट व विटांच्या घरांत भिंती बारीक झाल्या आणि कोनाडा गेला. त्याची जागा आधी लोखंडी पेटीने आणि मग लोखंडी कपाटाने घेतली. फरक लहान दिसतो, पण महत्त्वाचा आहे. कोनाडा उघडा असतो आणि तो घराचा भाग असतो, हलवता येत नाही. पेटीला कुलूप लागते आणि ती उचलून नेता येते. मुलीच्या वाट्याला पेटी येणे आणि मुलाच्या वाट्याला भिंत येणे, यात घराच्या मालकीची सारी कहाणी आहे.

१२/
ही कहाणी सिंदखेडच्या वाड्यातही दिसते. जिजाऊंचा विवाह बालवयातच वेरूळच्या भोसले घराण्यात, शहाजीराजांशी झाला. पुढे खंडागळ्यांच्या हत्तीवरून उसळलेल्या दंगलीत दत्ताजी जाधवराव मारले गेले, ते शहाजीराजांचे चुलतबंधू संभाजी भोसले यांच्या हातून. आणि ते संभाजी मारले गेले लखुजीराजांच्या हातून. ज्या भावासोबत बालपण गेले, त्याला सासरच्या माणसाने मारले आणि त्या दिराला वडिलांनी. या प्रसंगाची वर्णने मुख्यतः सरदारांच्या बाजूने लिहिली जातात. बहिणीच्या बाजूने तो वाचून पाहावा.

१३/
जुलै १६२९ मध्ये दौलताबादेत निजामशाहाच्या दरबारात लखुजीराजे, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या झाली. त्या वेळी जिजाऊंच्या पोटी शिवराय होते. काही महिन्यांनी, फेब्रुवारी १६३० मध्ये, शिवनेरीवर त्यांचा जन्म झाला. माहेर म्हणजे वाडा नव्हे, माहेर म्हणजे माणसे. वाड्याच्या भिंती आजही उभ्या आहेत, जिजाऊंचे माहेर मात्र त्या एका दिवसात बरेचसे संपले होते.

१४/
सुमारे सव्वादोनशे वर्षे पुढे येऊ, पण जिल्हा तोच ठेवू. १८५० मध्ये बुलढाण्यात ताराबाई शिंदे यांचा जन्म झाला. वडील बापूजी हरी शिंदे हे उपायुक्तांच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक विचारांचे. चार भावांत ताराबाई एकुलती एक बहीण. परिसरात मुलींची शाळा नव्हती. वडिलांनी घरीच त्यांना मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. म्हणजे या मुलीची शाळा तिच्या घरातच भरली.

१५/
त्याहून विशेष गोष्ट पुढची. ताराबाईंचा विवाह झाला, पण पती घरजावई म्हणून शिंद्यांच्या घरी आले. ताराबाईंना माहेर सोडावे लागले नाही. त्या काळाच्या रूढीत हे अपवादात्मक होते. ज्या घरात अक्षरे शिकली, तेच घर, तीच पुस्तके त्यांच्याजवळ राहिली. त्यांच्या लेखनाचे सारे कारण यात आहे, असे मी म्हणणार नाही. पण सासरी गेलेल्या किती हुशार मुलींची पुस्तके माहेरच्या कोनाड्यातच राहिली असतील, हा प्रश्न विचारल्याशिवाय ताराबाई पूर्ण समजत नाहीत.

१६/
१८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून त्यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' प्रसिद्ध झाले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर जी झोड उठवली, तिला हे उत्तर होते. प्रस्तावनेत त्या स्वतःला मराठा घरंदाजपणाच्या बंधनात कोंडलेली स्त्री म्हणवतात. म्हणजे घर त्यांना मिळाले होते आणि त्याच घराच्या भिंतीही त्यांना ठाऊक होत्या. टीका झाली तेव्हा महात्मा फुले 'सत्सार'मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले.

१७/
आता विसाव्या शतकात येऊ. इंग्रजी अंमलात बंगले आले आणि त्यांच्याबरोबर 'बेडरूम' आली. तिकडे इंग्लंडमध्ये १९३५ च्या गृहनिर्माण कायद्याने गर्दीची व्याख्याच केली : दहा वर्षांवरील, भिन्नलिंगी आणि पती-पत्नी नसलेल्या दोन व्यक्तींना एकाच खोलीत झोपावे लागत असेल, तर ते घर दाटीचे. भाऊ-बहिणीची खोली तेथे कायद्याचा विषय झाली. आपल्याकडे हेच काम आजी करीत असे.

१८/
भारताची जनगणना 'राहण्याची खोली' कशी ठरवते, ते तर फार बोलके आहे. लांबी किमान २ मीटर, रुंदी १.५ मीटर, उंची २ मीटर. म्हणजे एका माणसाला झोपता येईल एवढी. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे अशी एकच खोली होती. त्यामुळे भावंडांची वेगळी खोली हा आजही सर्वांचा अनुभव नाही. माझ्या वाट्याला अर्धी खोली आली, हीच मोठी गोष्ट आहे, याची मला जाणीव आहे.

१९/
पण अर्धी खोली कोणाची, कुठवर? येथे कायदा येतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वारस मानले. मात्र त्यातील कलम २३ राहत्या घराविषयी वेगळे बोलत होते. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलगे करू इच्छीत नाहीत, तोवर मुलीला ती मागता येत नसे. तिला राहण्याचा हक्क होता, पण ती अविवाहित, विधवा, परित्यक्ता किंवा पतीपासून विभक्त असेल तरच. सुखाने नांदणाऱ्या विवाहितेला लहानपणीच्या खोलीत राहण्याचा कायदेशीर हक्क नव्हता.

२०/
महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांप्रमाणे जन्मतः सहहिस्सेदार केले. पण त्यापूर्वी ज्यांची लग्ने झाली होती, त्यांना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढला आणि कलम २३ रद्द केले. ऑगस्ट २०२० मध्ये विनिता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुलीचा हा हक्क जन्माने येतो आणि २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. 'पेटी' ते 'भिंत' हे अंतर कागदावर कापायला जवळजवळ ५० वर्षे लागली.

२१/
कागदावर, असे मुद्दाम म्हटले. कारण हक्कसोडपत्र अजून आहे. गावोगावी बहिणी तलाठ्याच्या किंवा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात येतात, सही करतात आणि भावाच्या घरचे जेवण करून परततात. अनेक जणी ते मनापासून करतात. अनेक जणी माहेर तुटू नये म्हणून करतात. भाऊबीजेची ओवाळणी आणि सातबाऱ्यावरचे नाव यांपैकी एकच निवडावे लागेल, ही भीती कोणत्याही कलमाने अजून दूर केलेली नाही.

२२/
परत आमच्या खोलीकडे. आम्ही शेवटी ती अशी लावली : दोन पलंग काटकोनात, म्हणजे मधली जमीन मोकळी राहिली. गाद्यांच्या वळकट्या करता येतात, त्यामुळे दिवसा एक पलंग बैठकीचा होतो. एकच लांब टेबल, पण दिवे दोन, कारण मी रात्री वाचते आणि तो पहाटे उठतो. भिंतीवर चुन्याचा पांढरा रंग आणि खाली गेरूचा पट्टा, आजीच्या घरासारखा. कपाटाचे कप्पे मोजून निम्मे निम्मे.

२३/
कप्प्यांचा विषय पुन्हा निघाला, तेव्हा भाऊच म्हणाला, "ताईचे कप्पे राहू द्या. ती कुठेही गेली तरी तिची पुस्तकं इथंच राहतील." त्याला कलम २३ माहीत नाही. मी त्या वेळी काही बोलले नाही, ताराबाईंचे पुस्तक वरच्या कप्प्यात ठेवले. घराच्या कागदांविषयी बोलणे अजून बाकी आहे. तेही कधीतरी याच खोलीत बसून करावे लागेल.

२४/
मित्रहो, आपापल्या घरी आजी-आजोबांना एकदा जरूर विचारा : लहानपणी तुम्ही कुठे झोपत होता, कोणाशेजारी? तुमचा स्वतःचा कोनाडा होता का, त्यात काय असे? आणि आजीला आणखी एक विचारा : लग्नानंतर त्या कोनाड्याचे काय झाले? उत्तरे खाली लिहा. वऱ्हाड, खानदेश, कोकण, गोवा, सगळीकडचे शब्द हवे आहेत. दप्तरखान्यात हा इतिहास फारसा सापडत नाही. तो अजून काही वर्षे माणसांच्या आठवणीत आहे.

धागा समाप्त.