वळिवडे: एक छावणी, दोन निर्वासित समाज

१/७ कोल्हापूरजवळचे गांधीनगर आज कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी ओळखले जाते. १९४३ ते १९४८ या काळात येथे ‘वळिवडे कॅम्प’ होता आणि त्यात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी कुटुंबे आली. दोन्ही वेळी नव्या भाषेशी पहिली गाठ पडली ती आयांची. #थ्रेड

२/७ १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले. १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यानंतर त्यांची सुटका झाली. अनेक पुरुष जनरल अँडर्सच्या सैन्यात गेले. स्त्रिया व मुले इराणमार्गे हिंदुस्थानात आली. मुंबईतील पोलिश वकिलात आणि किरा बानासिन्स्का यांनी त्यांच्या मदतीचा भार उचलला.

३/७ वळिवड्यात पोलिश शाळा होत्या, चर्च होते, नाटकेही होत. युद्ध संपताच घरी परतायचे, हीच धारणा होती. मराठी कानावर पडे ती बाजारात. तिथे मात्र उलटेच घडले: स्थानिक दुकानदारच पोलिश बोलू लागले. गिऱ्हाइकाची भाषा विक्रेत्याने शिकावी, हा बाजाराचा जुना नियम.

४/७ युद्ध संपले, पण पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला. परतायला घरच उरले नाही. अनेक कुटुंबे सैनिक पतींच्या मागोमाग ब्रिटनला गेली. आता इंग्रजी शिकणे भाग होते.

५/७ फाळणीनंतर कराचीहून जहाजे मुंबईच्या धक्क्याला लागली. तेथून सिंधी निर्वासित राज्यभरच्या छावण्यांत विखुरले. काही वळिवड्यास आले. पापड-लोणची विकून अनेक सिंधी स्त्रियांनी संसार सावरले. या वेळी विक्रेता निर्वासित होता. म्हणून भाषाही त्यालाच शिकावी लागली.

६/७ अडचण केवळ बोलण्याची नव्हती. १८५३ पासून सिंधीची सरकारी लिपी अरबी वळणाची होती; पण अनेक हिंदू सिंधी स्त्रियांना गुरुमुखीच येई. स्वातंत्र्यानंतर सिंधीसाठी देवनागरी की अरबी, हा वाद पेटला. १९५१ मध्ये दोन्ही लिप्यांना मान्यता मिळाली. वडिलांची अरबी, आईची गुरुमुखी, मुलांची देवनागरी: एकाच घरात तीन लिप्या नांदू शकत होत्या.

७/७ १९६७ मध्ये सिंधी आठव्या अनुसूचीत आली. भाषेला घटनेत स्थान मिळाले. मात्र आईने जपलेल्या गुरुमुखी पोथीचे पान मुलांना वाचता येईल, याची हमी कोणतीही अनुसूची देऊ शकत नव्हती.