मोजक्या प्रतींचा इतिहास

पुस्तक किती खपले यावरून त्याचे मोल ठरत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. पण कोणी मोजक्याच प्रती छापण्याची हिंमत केली म्हणून एखादा लेखक काळाच्या तडाख्यातून वाचला, असेही साहित्याच्या इतिहासात घडले आहे. अमेरिकन गूढकथेची गोष्ट अशीच आहे. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचत रात्र जागवलेल्या मराठी वाचकाला ती जवळची वाटेल. मुसलमान वाचकाने मात्र ती थोडी सावधपणेच वाचावी, कारण या गोष्टीत एक 'अरब' आहे आणि तो आपल्या ओळखीचा नाही.

हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट हा 1890 मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात जन्मलेला लेखक. त्याच्या कथा प्रामुख्याने 'वीअर्ड टेल्स' या स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकात येत. हयातीत त्याचे एकच कथापुस्तक प्रत्यक्ष विक्रीला आले, तेही 1936 मध्ये. पेनसिल्व्हेनियातील एका छोट्या प्रकाशकाने सुमारे 400 प्रती छापल्या आणि त्यांतल्या जेमतेम 200 बांधल्या. छपाईच्या चुका इतक्या, की शुद्धिपत्र जोडावे लागले. त्याआधी 1928 मध्ये त्याची एक दीर्घकथा छापून झाली होती. पण तिचे कागद बांधणीविना वर्षानुवर्षे पडून राहिले. मार्च 1937 मध्ये लव्हक्राफ्ट वारला तेव्हा मासिकांच्या रद्दीबरोबर त्याचे नावही जाईल, अशीच लक्षणे होती.

तसे झाले नाही, ते दोन तरुण चाहत्यांमुळे. ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्री हे दोघे स्वतः लेखक होते आणि लव्हक्राफ्टशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्यांनी त्याच्या कथांचा मोठा संग्रह तयार केला. मोठ्या प्रकाशकांनी तो नाकारला. तेव्हा डर्लेथने स्वतःचे घर बांधण्यासाठी काढलेल्या कर्जातील पैसा छपाईला लावला. 1939 मध्ये विस्कॉन्सिनमधील सॉक सिटी या लहानशा गावातून 'द आउटसायडर अँड अदर्स' प्रसिद्ध झाले. प्रकाशनसंस्थेला नाव दिले 'आर्कम हाऊस'. आर्कम हे लव्हक्राफ्टच्या कथांतील काल्पनिक गाव. प्रती 1,268, किंमत 5 डॉलर. प्रकाशनपूर्व सवलत साडेतीन डॉलरची होती, तरी आगाऊ मागण्या आल्या अवघ्या 150. सगळ्या प्रती संपायला सुमारे चार वर्षे लागली.

हिशेबाच्या वहीत हा व्यवहार तोट्याचाच दिसला असता. पण डर्लेथ थांबला नाही. क्लार्क ॲश्टन स्मिथ, रॉबर्ट हॉवर्ड, विल्यम होप हॉजसन यांची पुस्तके त्याने काढली. रॉबर्ट ब्लॉकचे पहिले पुस्तक 1945 मध्ये आणि रे ब्रॅडबरीचे पहिले पुस्तक 1947 मध्ये येथूनच आले. ब्रॅडबरीच्या त्या पुस्तकाच्या 3,112 प्रती निघाल्या. या संस्थेच्या अनेक पुस्तकांच्या शेवटच्या पानावर किती प्रती छापल्या, कोणत्या टंकात छापल्या, हे नोंदवलेले असे. संग्राहकांचा शौक याच नोंदीवर पोसला गेला. ज्या पुस्तकाला एके काळी गिऱ्हाईक नव्हते, त्याच्या वेष्टनासह सुस्थितीतील प्रतीसाठी पुढे हजारो डॉलर मोजले जाऊ लागले. 1971 मध्ये डर्लेथ वारला, पण त्याने घालून दिलेली वाट मोडली नाही. ब्रिटनमध्ये 1990 मध्ये 'टार्टारस प्रेस' आणि 1994 मध्ये 'ॲश-ट्री प्रेस' निघाली. काही शे प्रती, उत्तम कागद, पक्की शिलाई आणि विस्मृतीत गेलेला लेखक, असा हा सारा मामला.

आता त्या अरबाकडे वळू. लव्हक्राफ्टने लहानपणी 'अलिफ लैला' वाचली आणि खेळाखेळात स्वतःला 'अब्दुल अल्हजरेद' हे नाव घेतले. पुढे याच नावाचा 'वेडा अरब' त्याने कथांत आणला आणि 'नेक्रोनॉमिकॉन' नावाचा भयंकर ग्रंथ त्याच्या नावावर चढवला. अरबी व्याकरणाच्या दृष्टीने हे नावच चुकीचे आहे. 'अब्दुल'मध्ये 'अल' आधीच आलेला असताना पुढे तो पुन्हा जोडला आहे. मदरशातील लहान मूलही ही चूक पकडील. तरीही हा ग्रंथ खरा असावा असे मानून वाचक पुस्तकविक्रेत्यांकडे आणि ग्रंथालयांकडे त्याची विचारणा करीत राहिले. 1973 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका छोट्या प्रकाशकाने त्याची गमतीदाखल 348 प्रतींची 'मूळ' आवृत्तीच काढली. तिची लिपी बनावट, अर्थ शून्य, आणि तीच ती पाने पुन्हा पुन्हा छापलेली. तीही संग्राह्य ठरली!

याला केवळ गंमत म्हणून सोडून देता येत नाही. लव्हक्राफ्टच्या पत्रांत आणि कथांत काळ्या, ज्यू आणि स्थलांतरित माणसांविषयीचा तिरस्कार उघड दिसतो. जागतिक फँटसी पुरस्काराचे स्मृतिचिन्ह 1975 पासून त्याच्या चेहऱ्याचे होते. लेखकांच्या आक्षेपानंतर 2015 मध्ये ते बदलण्याचे ठरले. पुस्तके मात्र कोणी जाळली नाहीत, आणि तेच योग्य झाले. लेखकाला जपणे वेगळे आणि त्याला डोक्यावर घेणे वेगळे. हा विवेक मोठ्या सभेत नव्हे, वाचकांच्या छोट्या वर्तुळातच आधी जागा होतो.

आमच्या उर्दूतही अद्भुताचा केवढा खजिना होता! लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने 'दास्ताने अमीर हमजा'चे 46 खंड छापले. त्या काळी ते बाजारात सहज मिळत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र संपूर्ण संच एकत्र सापडणे मुश्कील झाले. शम्सुर्रहमान फारुकी यांनी वर्षानुवर्षे शोध घेऊन तो जमवला आणि नुसता कपाटात न ठेवता त्यावर मूलभूत ग्रंथ लिहिले. प्रती भरपूर छापल्याने पुस्तक टिकते असे नाही. जपणारा हवा आणि वाचणाराही हवा. डर्लेथ आणि फारुकी यांच्यात दुसरे साम्य शोधण्याचे कारण नाही. एवढे एक पुरेसे आहे.

वाचकहो, तीनशे-पाचशे प्रतींची पुस्तके मराठीतही निघतात, आणि त्यांतली कितीतरी आपल्याच माणसांनी पदरमोड करून काढलेली असतात. घर बदलताना, वडिलांची कपाटे आवरताना ती रद्दीच्या तराजूत टाकण्यापूर्वी शेवटचे पान एकदा उलटून पाहावे. कदाचित तेवढी एकच प्रत उरली असेल.