तळटीप : मेहेर

मेहेर म्हणजे हुंडा नव्हे. तो अर्थ नेमका उलटा होईल. निकाहाच्या वेळी वराने वधूला देण्याचे कबूल केलेली रक्कम किंवा मालमत्ता म्हणजे मेहेर. ती बापाची नाही, भावाची नाही, फक्त तिची. कुराणाच्या चौथ्या सूरेत (अन्-निसा) ती बायकोला देण्याची स्पष्ट आज्ञा आहे. ढीगभर धन दिले असले, तरी दुसरी बायको करण्यासाठी ते परत घेऊ नये, असेही तेथेच सांगितले आहे.

मेहेरचे दोन भाग पाडतात : मागताक्षणी द्यायचा, आणि तलाक किंवा मृत्यू झाल्यावर द्यायचा. अरबीत या दोन्ही भागांच्या नावांत एका अक्षराचा फरक आहे. देवनागरीत दोन्ही ‘मुअज्जल’च होतात, म्हणून संदर्भ पाहूनच अर्थ लावावा. हनफी पंथात किमान मर्यादा दहा दिरहम आहे.

कायद्याने मेहेर हे नवऱ्यावरचे कर्जच आहे. तो वारला तर वाटण्यांआधी ते फेडायचे असते. १९८६च्या भारतीय कायद्यातही घटस्फोटितेचा मेहेरवरचा हक्क नोंदलेला आहे. व्यवहारात मात्र निकाहनाम्यात नाममात्र आकडा लिहिला जातो, आणि नवऱ्याच्या मयताशेजारी बसलेल्या बाईला चारचौघांत ‘माफ केला म्हण’ असे सांगितले जाते. अशा क्षणी घेतलेली माफी आम्ही माफी मानत नाही. खुशीने सोडलेला तेवढाच भाग पुरुषाने घ्यावा, ही अट त्याच सूरेच्या चौथ्या आयतीत आहे.