आधी डायलिसिस, मग रोपण?

वैद्यकाच्या इतिहासात काही क्रम गरजेपोटी पडतात आणि कालांतराने ते नियम वाटू लागतात. मूत्रपिंडे निकामी झाली की प्रथम डायलिसिस आणि ते काही काळ सोसल्यावर रोपण, हा असाच एक क्रम होय. जिवंत दाता समोर असतानाही तो पाळावयास हवा काय, हा प्रश्न इतिहासाच्या आधारेच नीट समजतो.

हॉलंडमधील काम्पेन गावी, जर्मन अंमलाच्या काळात, विलेम कॉल्फ यांनी १९४३ मध्ये लाकडी पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून पहिले उपयुक्त कृत्रिम मूत्रपिंड उभे केले. आरंभीचे जवळजवळ सर्व रुग्ण दगावले; १९४५ मध्ये एक वृद्धा वाचली. तथापि दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने हा उपचार थोड्या दिवसांपुरताच होता. म्हणूनच २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसविले, तेव्हा वर्षानुवर्षे डायलिसिसवर जगण्याचा मार्गच उपलब्ध नव्हता. रिचर्ड पुढे आठ वर्षे जगला.

१९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या धमनीत व शिरेत कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसविली आणि चित्र पालटले. एकरूप जुळे नसलेल्यांतील रोपणे त्या काळी बहुधा शरीराकडून नाकारली जात. त्या मानाने डायलिसिस भरवशाचे ठरले. अमेरिकेने १९७२ च्या कायद्याने या रुग्णांचा खर्च सरकारी विम्यात घेतल्यावर डायलिसिस केंद्रे झपाट्याने वाढली. अशा रीतीने डायलिसिस ही पहिली पायरी बनली. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिनने रोपण अधिक भरवशाचे केले, तरी पायऱ्यांचा क्रम बहुतेक ठिकाणी तोच राहिला.

त्या क्रमाला २००१ मध्ये एका अमेरिकन अभ्यासाने धक्का दिला. जिवंत दात्याचे मूत्रपिंड मिळालेल्या ८,४८१ रुग्णांची त्यात तुलना होती. दीर्घकालीन डायलिसिस न करता रोपण झालेल्यांत पहिल्या वर्षी मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका ५२ टक्क्यांनी कमी आढळला. डायलिसिसचा काळ जितका लांबला, तितकी पहिल्या सहा महिन्यांत शरीराने ते नाकारण्याची शक्यता वाढली. अर्थात लवकर रोपण लाभणारे रुग्ण बहुधा सुस्थितीतले असतात, हेही विसरता कामा नये.

मग घाई करावी काय? तसेही नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ८२८ रुग्णांच्या २०१० मधील चाचणीत डायलिसिस लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. रोपणही फार आधी केल्यास रुग्णाच्या स्वतःच्या मूत्रपिंडांची उरलेली शक्ती वाया जाते. म्हणूनच २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढांसाठी मध्यम मार्ग सांगितला: गाळण्याची क्षमता मिनिटाला १० मिलिलिटरच्या खाली गेल्यावर, किंवा त्रास सुरू झाल्यास त्याआधी, डायलिसिसविना जिवंत दात्याकडून रोपण करावे.

शस्त्रक्रियेची वेळ अशी थांबून ठरविता येते. तयारी मात्र थांबून चालत नाही. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा ४ फेब्रुवारी १९९५ रोजी ज्या राज्यांत प्रथम लागू झाला, त्यांत महाराष्ट्र व गोवा होते. अवयवांच्या बाजाराला आळा घालण्यासाठी त्याने नात्याची व संमतीची छाननी आवश्यक केली. ही छाननी आणि दात्याच्या तपासण्या यांना वेळ लागतो.

आपल्याकडे जिवंत दात्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. बहुधा आई किंवा पत्नी पुढे होते. घरातला माणूस यंत्राला जोडला गेल्यावर तिला विचारले, तर तो प्रश्न राहत नाही, आज्ञा होते. वर्षभर आधी विचारले, तर रुग्णाची डायलिसिसची वर्षे कदाचित टळतीलच. पण तिलाही विचार करावयास, आणि प्रसंगी नाही म्हणावयास, अवधी मिळेल.