आगकाडीचा अग्निबाण

१९१२ साली दादरच्या एका घरात वाटाण्याचे बी कुंडीत पेरले गेले आणि त्या कुंडीसमोर एक कॅमेरा रोखून ठेवण्यात आला. कॅमेऱ्याचे मालक धुंडिराज गोविंद फाळके तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. विलायतेहून विल्यमसनचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आले होते. नव्हता तो पैसा. ‘राजा हरिश्चंद्र’ काढायचा तर सावकाराला आधी पटवायला हवे की हा गृहस्थ वेडा नाही. म्हणून फाळक्यांनी त्या वाटाण्याची चित्रे टिपण्यास आरंभ केला. थोडी टिपावीत, थांबावे, पुन्हा टिपावीत, असा उद्योग महिन्याहून अधिक काळ चालला. मग ती पट्टी पडद्यावर सोडली, तेव्हा महिनाभराची वाढ अवघ्या मिनिटाभरात डोळ्यांसमोरून गेली. बी फुटले, कोंब वर आला, पाने हलू लागली. पाहणारे थक्क झाले आणि यशवंतराव नाडकर्ण्यांनी कर्ज देण्याचे कबूल केले.

या वाटाण्याची हकीगत बहुतेकांनी ऐकलेली असते. मला तिच्यातला हिशेब अधिक मोलाचा वाटतो. मूकपटाच्या काळी सेकंदाला सुमारे सोळा चित्रे धरीत. म्हणजे एका मिनिटाला सुमारे हजार. त्या हजार चित्रांसाठी लागली ती एक कुंडी, एक खिडकी आणि माणसाची अपार चिकाटी. आधीच्या खटाटोपात डोळ्यांवर ताण पडून काही काळ त्यांची दृष्टीच गेली होती, आणि पुढे घरातले दागिने गहाण पडले. हे लक्षात घेतले म्हणजे तो कोंब किती महागाचा होता ते कळते. फिल्म धुण्यापासून भोके पाडण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई रात्र रात्र जागून करीत. त्यांचे नाव घेतल्यावाचून ही गोष्ट पुरी होत नाही.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि भांडवलदारांनी हात आखडता घेतला. मोठा चित्रपट निघेना, तेव्हा फाळके छोट्या गमतींकडे वळले. १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडी मांडायची, एक चित्र टिपायचे. ती रेसभर सरकवायची, पुन्हा टिपायचे. पडद्यावर त्या काड्या आपण होऊन चालू लागत. एमिल कोल नावाच्या फ्रेंच कलावंताने असाच एक पट केला होता; तो पाहून ही कल्पना सुचली असे सांगतात. सुचेना का! कल्पना परक्या मुलखातली, काड्या मात्र आपल्या स्वयंपाकघरातल्या. तो पट आज पाहायला मिळत नाही. मराठी माणसाने हलत्या चित्रांचा पहिला खेळ मांडला तो द्रव्यबळ नव्हते म्हणून, ही गोष्ट मात्र राहिली.

आता वाचकहो, तेथून एकदम २००१ सालच्या अमेरिकेत चला. टेक्सस प्रांतातील एका लहान संस्थेने ‘जिमी न्यूट्रॉन’ नावाचा मुलांचा चित्रपट केला. दिग्दर्शक जॉन डेव्हिस. सारा चित्रपट संगणकावर घडवलेला, आणि खर्च तीन कोटी डॉलर. आपल्याला हा आकडा ऐकून घेरी येईल; पण त्याच वर्षीच्या ‘मॉन्स्टर्स, इन्क.’ला साडेअकरा कोटी लागले होते. त्या मानाने जिमी गरिबाघरचाच. मोठ्या कंपन्या आपापली गुप्त साधने बाळगून होत्या. या मंडळींनी मात्र बाजारात कोणालाही विकत मिळणारी ‘लाइटवेव्ह’ नावाची प्रणाली वापरली.

कथा अशी. जिमी हा लहानगा संशोधक टोस्टरचा उपग्रह करून आकाशात सोडतो. तो परग्रहावरच्या लोकांच्या हाती लागतो आणि एका रात्री ते गावातले सारे आईबाप पळवून नेतात. सकाळी पोरांना आनंदीआनंद! मिठाई खा, वाटेल तसा धुडगूस घाला, कोणी रागावणारे नाही. पण पोटे दुखू लागतात, गुडघे फुटतात, आणि रात्री रडे येते. मग हीच पोरे करमणुकीच्या बागेतले पाळणे आणि चक्रे उखडून त्यांचे अग्निबाण करतात आणि आईबापांना सोडवायला निघतात. परग्रहावर त्या आईबापांचा बळी द्यायचा असतो तो एका प्रचंड कोंबडीला. आपल्या घरातल्या आजीला ही कथा सांगितली तर ती म्हणेल, हा तर बकासुर! गाड्यावर अन्न घेऊन निघालेला भीम इथे दहा वर्षांचा झाला, एवढाच फरक.

काटकसर कुठे केली तेही पाहण्यासारखे आहे. संगणकातली पात्रे कळसूत्री बाहुल्यांसारखी असतात. आधी तारेचा सांगाडा, मग त्यावर कातडी, आत सांधे. मग दिवे लावायचे, आणि प्रत्येक चित्रात उजेड कुठे पडतो नि सावली कुठे, हे यंत्राने मोजून काढायचे. सेकंदाला चोवीस चित्रे. चित्रपट ८२ मिनिटांचा. गुणाकार केला तर एक लाख अठरा हजारांवर चित्रे होतात. एकेका चित्राच्या गणिताला यंत्राचा बराच वेळ जातो आणि तो वेळ म्हणजेच पैसा. ‘मॉन्स्टर्स’मधल्या राक्षसाच्या अंगावर तेवीस लाखांवर केस होते. जिमीच्या डोक्यावर मलईच्या गोळ्यासारखा एकसंध झुबका आहे, आणि शत्रू आहेत ते काचेच्या अंड्यात राहणारे. अंड्याइतका सोपा आकार यंत्राला दुसरा कोणता असणार? गरिबीतून सुचलेली ही युक्ती मला श्रीमंती केसांहून जास्त आवडते. पुढे मार्च २००२ मध्ये ऑस्कर समितीने पूर्ण लांबीच्या सचेतन चित्रपटासाठी प्रथमच पारितोषिक दिले. ते ‘श्रेक’ला मिळाले, पण शेवटच्या तिघांत ‘मॉन्स्टर्स’च्या शेजारी जिमीही बसला होता.

हे सारे टेंभुर्णीच्या शाळामास्तराने का सांगावे? पुणे-सोलापूर रस्त्यावरचे आमचे गाव. फाट्यावरून पंढरपूरला नि कुर्डूवाडीला जाणाऱ्या गाड्या सुटतात, परग्रहाला जाणारी एकही नाही. पण मधल्या सुट्टीत मी एक गोष्ट पाहतो. पोरे विटीदांडू वा क्रिकेट खेळताना अस्सल माणदेशी-भीमथडी मराठीत भांडतात. तीच पोरे अवकाशयान-अवकाशयान खेळू लागली की हिंदीत बोलू लागतात! हुकूम हिंदीत, धोक्याची सूचना हिंदीत, मरतानाची किंकाळीसुद्धा हिंदीत. यानात बसले की भाषा बदलायची असते, असे त्यांना कोणी शिकवले नाही. दूरचित्रवाणीवर दिवसभर पाहिलेल्या हिंदी रूपांतरांनी ते आपोआप झाले. हिंदीशी माझे वैर नाही. मात्र चंद्रावर आपली बोली चालत नाही, असे सात वर्षांच्या मुलाने धरून चालावे, हे मला झोंबते.

आणि मराठीत या गोष्टी नव्हत्या असेही नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणून बसवले. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले होते, आणि बक्षीस पहिले मिळाले. त्यांच्या ‘धूमकेतू’ कथेत पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू आहे. एकीकडे तो चुकवण्यासाठी शास्त्रज्ञांची धावपळ आणि दुसरीकडे घरात शांतियज्ञ. या कथेवर चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीने चित्रपटही काढला. काढला तो हिंदीत! कथा महाराष्ट्राची, संस्थेची कचेरी मुंबईची, आणि यान सुटले ते पुन्हा हिंदीतच. १९५५ साली स्थापन झालेली ती संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले.

पैसा नाही, ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. हॉलंडच्या टॉन रोझेंडाल यांची ‘ब्लेंडर’ ही प्रणाली २००२ साली लोकवर्गणीतून एक लाख युरो जमवून सोडवून घेण्यात आली, आणि तेव्हापासून ती सर्वांना फुकट आहे. लॅटव्हिया या चिमुकल्या देशातल्या गिंट्स झिल्बालोडिस या तरुणाने तिच्यावर ‘फ्लो’ हा चित्रपट घडवला. खर्च सुमारे पस्तीस लाख युरो. महापुरात नावेवर सापडलेले एक मांजर आणि त्याचे सोबती, एवढीच त्याची गोष्ट. संवाद एकही नाही. मार्च २०२५ मध्ये त्याने मोठ्या कंपन्यांना मागे टाकून ऑस्कर नेले. भीमेचा पूर पाहिलेल्या आमच्या मुलांना ते मांजर लगेच ओळखीचे वाटले.

यंदा पावसाळ्यात सातवीच्या वर्गाने टेबलावर फाळक्यांचा खेळ मांडून पाहिला. गूल काढून टाकलेल्या आगकाड्या, एका पालकाचा मोबाईल आणि तो स्थिर राहावा म्हणून चार विटा. तासाभरात ९६ चित्रे निघाली. सेकंदाला बारा धरली तर आठ सेकंदांचा चित्रपट झाला. काड्यांचा अग्निबाण टेबलाच्या कडेपर्यंत उडतो आणि थांबतो. आवाज भरताना कोणीतरी सवयीने हिंदीत उलटी मोजणी सुरू केली. मागच्या बाकावरची एक मुलगी ओरडली, “अगं, दहा, नऊ, आठ म्हण की!” फेरध्वनिमुद्रण करावे लागले. पुढचे यान उजनीच्या पाण्यावर उतरवायचे की पंढरीच्या वाळवंटात, यावर वर्गात अजून एकमत झालेले नाही.