न सुटणारा नट

अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले. शेतकऱ्यांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी त्यांची समजूत होती. पण नांगरात एक खरी उणीवही होती. तो जवळजवळ एकसंध ओतलेला होता, त्यामुळे फाळ झिजला की सारा नांगरच निकामी होई. जेथ्रो वूड याने १८१९ साली पेटंट घेतलेल्या नांगराचे भाग सुटे होते. जो भाग झिजेल तेवढाच काढायचा आणि नवा बसवायचा.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा त्यांनाही हीच विषाची शंका ऐकावी लागली. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर महाराष्ट्राच्या शेतात रुळला.

या बदलाबरोबर शेतकऱ्याच्या हाती एक नवी वस्तू आली, ती म्हणजे नट-बोल्ट. जुन्या लाकडी नांगरात फाळ तेवढा लोखंडाचा असे, बाकीचे सांधे पाचर ठोकून घट्ट करत. पाचर सैल झाली की पुन्हा ठोकायची, नको असेल तेव्हा ठोकून काढायची. लोखंडी अवजाराची दुरुस्ती मात्र नट सुटण्यावर अवलंबून असते. नट सुटला नाही तर पान्याने त्याचे कोपरे गोल होतात, जोर वाढवला तर बोल्ट तुटतो, आणि एरवी आणखी वीस वर्षे चालले असते असे अवजार भंगारात जाते. म्हणून नट का अडकतो, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

गंज जागा मागतो

गंजाने नट ‘चिकटतो’ असे आपण म्हणतो, पण गंज हा काही डिंक नव्हे. लोखंड गंजते तेव्हा त्याचा ऑक्सिजन व पाणी यांच्याशी संयोग होतो आणि होणारा पदार्थ मूळ लोखंडापेक्षा बराच जास्त जागा व्यापतो. हिशेब सोपा आहे. ५६ ग्रॅम लोखंडाचे आकारमान सुमारे ७ घन सेंटिमीटर असते. तेवढ्याच लोखंडापासून झालेला नेहमीचा तपकिरी गंज सुमारे २१ घन सेंटिमीटर जागा घेतो, म्हणजे जवळजवळ तिप्पट. मोकळ्या पत्र्यावर तो पापुद्रे होऊन गळून पडतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली फट मात्र केसासारखी बारीक असते. तिथे गंजाला जायला वाट नसते, आणि तो दोन्ही बाजूंनी दाबून बसतो. आपण काढून टाकलेली पाचर निसर्गाने तिथे पुन्हा ठोकलेली असते!

हवा कमी, झीज जास्त

येथे विद्यार्थी विचारतील, ‘गंजायला हवा लागते ना? मग घट्ट आवळलेल्या आट्यांत गंज कसा शिरतो?’ प्रश्न रास्त आहे. शास्त्रज्ञांनाही त्याचे उत्तर मिळायला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गंजण्याचे मूळ हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून होणाऱ्या आम्लात आहे, असे मत प्रचलित होते. १९०३ साली, म्हणजे बेळगावचा नांगर तयार झाला त्याच वर्षी, अमेरिकेत विलिस व्हिटनी याने गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया असल्याचे मांडले. गंजणारे लोखंड म्हणजे जणू एक छोटा विद्युतघट. त्याच्या एका भागात लोखंड विरघळते, दुसऱ्या भागात ऑक्सिजन खर्च होतो.

हे दोन भाग डोळ्यांना दाखवले केंब्रिजच्या युलिक इव्हान्स याने, १९२० च्या दशकात. त्याने स्वच्छ लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला. पाण्यात दोन दर्शके होती: लोखंड विरघळले की निळा रंग देणारे पोटॅशियम फेरिसायनाइड आणि अल्क तयार झाले की गुलाबी होणारे फिनॉल्फ्थॅलिन. काही वेळाने थेंबाची कड गुलाबी झाली आणि मध्यभाग निळा. कडेला हवेतला ऑक्सिजन सहज मिळत होता, मध्यभागी तो कमी पोचत होता. म्हणजे हवा खर्च झाली कडेला आणि लोखंड झिजले मध्यभागी!

नटाच्या फटीत हेच घडते. तोंडाशी हवा असते, आत फक्त अडकलेला ओलावा. आतले लोखंड विरघळते, तोंडाकडे ऑक्सिजनला भेटून त्याचा गंज होतो आणि तिथे बूच बसते. ओली माती, शेण आणि रासायनिक खतांतील क्षार लागलेल्या अवजारात ही क्रिया आणखी वेगाने होते, कारण क्षारांच्या पाण्यातून वीज सहज वाहते.

लोहाराची रीत

हे सिद्धान्त गावच्या लोहारापर्यंत पोचले नव्हते, पण त्याचे काम अडले नाही. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवणे हे त्याचे नेहमीचे काम. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या आचेत लाल करायची, ती फुगली की चाकावर चढवून वर पाणी ओतायचे. आक्रसलेली धाव चाक आवळून धरते. शाळेतल्या गोळा-कडे प्रयोगाचेही तत्त्व हेच. तो प्रयोग अठराव्या शतकात हॉलंडमधील लायडन विद्यापीठाच्या स ग्राव्हेसांडे याने रूढ केला. अडकलेला नट सोडवताना लोहार हीच विद्या उलटी वापरतो. तो बोल्ट न तापवता नट तापवतो.

नट तापला की त्याचे भोक लहान होईल की मोठे? अनेक मुले ‘लहान’ म्हणतात. ती कडे विसरतात. भोकही मोठे होते. २० मिलिमीटरचे भोक ३०० अंश सेल्सिअसने तापले तर ते सुमारे ०.०७ मिलिमीटरने वाढते, म्हणजे एका केसाच्या जाडीइतके. एवढ्याने ठिसूळ गंजाला तडे जातात. नंतर एका बाजूला जड घण टेकवून दुसऱ्या बाजूने हातोड्याचे बेताचे ठोके द्यायचे, की तडे वाढतात. अनुभवी हात नट आधी किंचित आवळून पाहतो, मग सोडवतो. थोडे पुढे, थोडे मागे करत गंजाचा चुरा होतो.

आच नको असेल तेव्हा रॉकेल. ते पातळ असल्याने केशाकर्षणाने बारीक फटीत शिरते. तोंडाशी गंजाचे बूच असल्याने त्याला वेळ मात्र द्यावा लागतो. संध्याकाळी सोडायचे आणि सकाळी पाना लावायचा. रॉकेल लावलेला सांधा कधीही तापवू नये, तो पेट घेतो. तापलेल्या बिडाच्या भागावर पाणीही ओतू नये, बीड तडकते.

वर्गासाठी

एकाच मापाचे दोन नट-बोल्ट घ्या. एकाच्या आट्यांना ग्रीस लावा, दुसरा कोरडा ठेवा. दोन्ही सारखेच आवळून मिठाच्या पाण्याने भिजवलेल्या मातीत महिनाभर पुरा. माती ओलसर ठेवा, चिखल नको. महिन्यानंतर एकाच पान्याने दोन्ही सोडवायला सांगा. पान्याच्या टोकाला स्प्रिंगकाटा लावला तर किती जोर लागला तेही मोजता येईल. कोरडा नट सुटलाच नाही, तर मुलांना गावातल्या लोहाराकडे किंवा गॅरेजमध्ये घेऊन जा. तो काय करतो ते आधी पाहू द्या, आणि तो तसे का करतो ते परतल्यावर वर्गात लिहू द्या.